मीठ, पाऊस आणि गांडूळ : उमेळ्यातल्या गांडूळखताचे गणित

गांडूळखताची जी कृती पत्रकांतून आणि शिबिरांतून महाराष्ट्रभर पोहोचली, तिच्यामागे देशावरचे शेत उभे आहे. हवा कोरडी, गोठ्यात जनावरे, दाराशी शेणाचा ढीग, आणि ओल टिकावी म्हणून जमिनीत खणलेला खड्डा. पालघर जिल्ह्यातल्या उमेळ्यात यातले काहीच जसेच्या तसे लागू पडत नाही. वसई खाडीच्या उत्तरेला, नायगाव स्थानकाच्या पश्चिमेला असलेले हे गाव. एका अंगाला मिठागरे, दुसऱ्या अंगाला केळी-नारळाच्या वाड्या, आणि गेल्या काही दशकांत या दोहोंच्या मध्ये उभ्या राहिलेल्या इमारती. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. उन्हाळ्यात याच पट्ट्यातल्या कित्येक विहिरींचे पाणी मचूळ होते. गोठे कमी झाले, त्यामुळे शेण विकत आणावे लागते.

अशा ठिकाणी घरातला आणि वाडीतला ओला कचरा गांडुळांकरवी खतात बदलता येतो का, आणि कोणत्या अटींवर, हे या लेखात तपासायचे आहे. माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. येथे गांडूळखत बिघडते ते मिठामुळे आणि साचलेल्या पाण्यामुळे. या दोहोंचा बंदोबस्त झाला की बाकीचे सोपे आहे. आणि या खताचा खरा आधार स्वयंपाकघर नसून वाडी आहे. वाडी गेली तर गांडुळांचा वाफा फार काळ टिकत नाही.

प्राणी कोणता

फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बुशे यांनी 1970च्या दशकात गांडुळांची राहणीवरून तीन गटांत विभागणी केली. पहिल्या गटातली गांडुळे जमिनीच्या पृष्ठभागावर, पालापाचोळ्यात आणि शेणात राहतात. ती माती जवळजवळ खात नाहीत. दुसऱ्या गटातली मातीच्या वरच्या थरांत आडवी बिळे करतात आणि मातीच गिळत पुढे सरकतात. तिसऱ्या गटातली खोल उभी बिळे करून राहतात, रात्री वर येतात आणि पाने बिळात ओढून नेतात. चार्ल्स डार्विनने 1881 साली गांडुळांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात जमिनीवर विष्ठेच्या रूपाने वर येणाऱ्या मातीचा हिशेब आहे. काही जमिनींत तो एकरी वर्षाला दहा टनांच्या पुढे जातो, असे त्याने मोजून दाखवले. पण हे काम बिळे करणाऱ्या गांडुळांचे. खतासाठी आपण पाळतो ती पहिल्या गटातली. डार्विनचे आकडे सांगून खताच्या वाफ्याची थोरवी गाणारे या दोन वेगळ्या प्राण्यांची गल्लत करतात.

पाळीव जाती मुख्यतः तीन. आयसेनिया फेटिडा ही तांबूस, अंगावर फिकट पट्टे असलेली, मूळची समशीतोष्ण प्रदेशातली. युड्रिलस युजेनी ही मूळची आफ्रिकेची, लांब आणि जाडजूड. ऊब मानवणारी, थंडी न सोसणारी. पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस ही आपल्याकडची; बारीक, चपळ, प्रकाशात धरली तर अंगावर जांभळट-निळी झाक दिसते. आयसेनियाला 15 ते 25 अंश तापमान मानवते आणि 35च्या पुढे ती मरू लागते. उमेळ्यातला मे महिना या सीमेला टेकतो. तरी झाडाच्या सावलीतला ओला वाफा बाष्पीभवनामुळे हवेपेक्षा थंड राहतो, म्हणून आयसेनिया येथे जगते. पण जगणे आणि भरभराटीला येणे यांत फरक आहे. दमट उकाड्याच्या या पट्ट्यात पेरिओनिक्सला आणि युड्रिलसला झुकते माप द्यावे, असे मला वाटते. पेरिओनिक्सची एक खोड मात्र आहे. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री ती घोळक्याने वाफा सोडून निघते. बाजारात मिळणाऱ्या ‘कल्चर’मध्ये बहुधा या जातींची सरमिसळ असतेच. ती तशीच आणावी आणि येथल्या हवेत जी तगेल ती वाढू द्यावी.

आता हा प्राणी खातो काय, हे पाहू. गांडुळाला दात नाहीत. ताजी पालेभाजी किंवा कच्चा बटाटा त्याला कुरतडता येत नाही. आधी जिवाणू आणि बुरशी त्या पदार्थावर चढतात, तो मऊ पडतो, आणि मग गांडूळ तो मऊ भाग ओढून गिळते. पुढे पेषणीत, गिळलेल्या बारीक वाळूच्या मदतीने तो दळला जातो. आतड्यात जिवाणूंची आणखी एक फौज असते. बाहेर पडणारी विष्ठा म्हणजे बारीक, श्लेष्माने बांधलेले कण. त्यात जिवाणूंना काम करायला पृष्ठभाग कितीतरी जास्त मिळतो. कुजवण्याचे मुख्य काम सूक्ष्मजीवांचेच. गांडूळ त्यांच्यासाठी दळण दळते, हवा खेळती ठेवते आणि त्यांच्यातल्या काहींना खाऊन फस्त करते. या क्रमातून सगळी कार्यपद्धती निघते. कचरा आधी थोडा कुजलेला हवा, तुकडे लहान हवेत, आणि वाफ्यात हवा हवी. कारण गांडूळ कातडीवाटे श्वास घेते आणि ती कातडी सतत ओली असावी लागते. वाफ्यातला ओलावा वजनाने 70 ते 80 टक्के ठेवायचा तो यासाठी. मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये.

प्रजननाचा वेगही समजून घ्यावा, कारण वाफ्याची प्रकृती त्यावरून कळते. प्रत्येक गांडूळ नरही असते आणि मादीही, पण कोष धरायला बहुधा जोडीदार लागतो. प्रौढ गांडुळाच्या अंगावर पुढच्या बाजूला एक फुगीर पट्टा दिसतो. तेथून कोष तयार होतो. कोष मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा, लिंबाच्या आकाराचा, दोन्ही टोकांना किंचित निमुळता. ताजा असताना फिकट पिवळा, फुटायला आला की तपकिरी लाल. आयसेनियाच्या एका कोषातून सरासरी दोन-तीन पिल्ले साधारण तीन आठवड्यांत बाहेर येतात आणि आणखी दीड-दोन महिन्यांत प्रौढ होतात. वाफ्याचा कोपरा उकरून हाताच्या तळव्यावर माल पसरावा. कोष, पांढुरकी पिल्ले आणि पट्टेवाली प्रौढ अशी तिन्ही दिसली तर सारे ठीक चालले आहे. नुसतीच मोठी गांडुळे दिसली आणि कोष नसतील, तर काहीतरी चुकते आहे, मग वरून वाफा कितीही चांगला दिसो.

किती कचरा, किती खत

चार माणसांच्या घरात दिवसाला किलोभर ओला कचरा धरायला हरकत नाही. चांगल्या स्थितीत गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण निम्मे खाते. म्हणजे किलोभर कचऱ्याला दोन किलो गांडुळे लागतील. एका किलोत प्रौढ गांडुळे साधारण हजार भरतात. चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास गांडुळे नांदतात. त्याहून जास्त दाटी झाली की वाढ आणि प्रजनन दोन्ही मंदावतात. तेव्हा एका कुटुंबाला सव्वा ते दीड चौरस मीटर पृष्ठभाग हवा. खोली हाताच्या कोपरापर्यंत पुरे. पृष्ठभागावर राहणाऱ्या प्राण्याला खोल डब्याचा उपयोग नाही. गॅलरीत ठेवायच्या उंच, अरुंद टोपल्या येथेच कमी पडतात.

खत किती निघेल? ओल्या कचऱ्यात पाऊण हिस्स्याहून अधिक पाणी असते. किलोभर कचऱ्यातला कोरडा भाग सुमारे 200 ग्रॅम. त्यातला जवळजवळ निम्मा कर्बवायू होऊन हवेत जातो. उरले 100 ग्रॅम. तयार खतात तितकेच पाणी धरले तर 200 ग्रॅम. वर्षाला सत्तर-पंचाहत्तर किलो. केळीच्या एका झाडाला लागवडीच्या वेळी 10 किलो शेणखत किंवा 5 किलो गांडूळखत द्यावे अशी कृषी खात्याची नेहमीची शिफारस असते. म्हणजे एका घराच्या वर्षभराच्या कचऱ्यातून पंधरा केळींची सोय होते. परसबागेला हे भरपूर झाले, पण वाडीला अगदीच तोकडे.

अन्नद्रव्यांच्या नजरेने पाहिले तर आकडा आणखी लहान होतो. कोरड्या गांडूळखतात नत्र दीड टक्का धरले, तर या पंचाहत्तर किलोंतून अर्ध्या किलोहून थोडे अधिक नत्र मिळते. सव्वा किलो युरियात तेवढे असते. युरियाशी स्पर्धा लावून गांडूळखत विकणाऱ्यांनी हा हिशेब ग्राहकाला सांगायला हवा. या खताचे मोल दुसरीकडे आहे. ते मातीचे कण बांधते, वाळूमिश्रित जमिनीत पाणी आणि पालाश धरून ठेवते, मुळांभोवती जिवाणूंची वस्ती वाढवते. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंड्यांतल्या रोपांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की मिश्रणात 10 ते 40 टक्के गांडूळखत असताना वाढ सर्वांत चांगली होते. त्यापुढे लाभ उलट घटतो. म्हणून नुसत्या गांडूळखतात रोप लावले तर खर्चही वाया आणि रोपही वाया.

आता वाडीचा हिशेब. केळीच्या झाडाला एकच लोंगर येतो. तो उतरवला की बुंधा तोडावाच लागतो. बुंध्याचे वजन साधारण 20 किलो, पण त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी. कोरडा भाग दोन किलो, आणि त्यातून वरच्याच हिशेबाने दोन किलो खत. पन्नास केळींच्या वाडीतून शंभर किलो. शिवाय सुकी पाने, नारळाच्या झावळ्या, आंब्याचा पाचोळा, तण. वसई तालुक्यातल्या आगाशीच्या सुकेळ्यांसाठी राजेळी केळी लागते. केळीशी एवढे जुने नाते असलेल्या तालुक्यात गांडुळांचे सर्वांत आवडते खाणे बांधावर पडून सडते किंवा पेटवले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बुंधा गांडुळांना का रुचतो हे तो चिरल्यावर कळते. एकावर एक गुंडाळलेली सोपटे, आणि प्रत्येक सोपटात आडव्या पडद्यांनी विभागलेल्या हवेच्या पोकळ्या. वीत-वीत लांबीचे तुकडे करून उभे चिरावेत आणि सावलीत आठवडाभर कोमेजू द्यावेत. बरेचसे पाणी निथळून जाते. मग वाफ्यात थर द्यावा. काही आठवड्यांनी वरचे सोपट उचलले की आतल्या पोकळ्यांत गांडुळे ओळीने बसलेली दिसतात आणि सोपटाचा गर जाऊन नुसती धाग्यांची जाळी उरलेली असते. ही जाळी वाफ्यात हवा खेळती ठेवते. स्वयंपाकघरातला कचरा पटकन लगदा होऊन हवा कोंडतो. दोहोंची जोडी जमली की वाफ्याला वास येत नाही. मर रोग किंवा पर्णगुच्छ झालेली केळ मात्र वाफ्यात कधीही घालू नये, कारण गांडुळांच्या वाफ्यात उष्णता निर्माण होत नाही. रोगजंतू आणि बिया मारण्याइतके, म्हणजे 55 अंशांच्या वरचे तापमान ढिगात कुजवतानाच येते. तयार गांडूळखतातून टोमॅटोची आणि पपईची रोपे उगवतात, ती याच कारणाने.

मीठ

एडवर्ड्स यांनीच आयसेनियाच्या सहनशक्तीच्या मर्यादा नोंदवल्या आहेत. खाद्यात क्षार अर्ध्या टक्क्याच्या खाली हवेत आणि अमोनिया ग्रॅममागे एक मिलिग्रॅमच्या खाली. समुद्राच्या पाण्यात मीठ साडेतीन टक्के असते. कातडीने श्वास घेणाऱ्या आणि कातडीनेच पाण्याची देवाणघेवाण करणाऱ्या प्राण्याला ही मर्यादा ओलांडता येत नाही. अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि गांडूळ कोरडे पडून मरते.

उमेळ्यात मीठ तीन वाटांनी वाफ्यात येते. पहिली वाट पाण्याची, आणि ती सर्वांत लबाड. समजा विहिरीच्या मचूळ पाण्यात लिटरमागे 2 ग्रॅम मीठ आहे. जिभेला ते थोडेच जाणवते. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दीड चौरस मीटरच्या वाफ्यावर आठवड्याला 10 लिटर शिंपडले, तर 170 लिटर पाण्याबरोबर 340 ग्रॅम मीठ आत जाते. पाणी उडून जाते, मीठ राहते. वाफ्यात पन्नास-साठ किलो माल असेल तर हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेले. एप्रिलपर्यंत छान चाललेला वाफा मेच्या अखेरीस ओस पडतो, आणि दोष उकाड्याला दिला जातो. उकाड्याचा वाटा असेलही. पण सावलीत असलेला, ओला असलेला वाफा रिकामा झाला तर आधी पाण्याकडे पाहावे. क्षार मोजायचे पेनासारखे छोटे यंत्र आता सहज मिळते. ते नसेल तर त्या पाण्यात शिजलेली डाळ आणि त्याचा मचूळ लागणारा चहा पुरेसे सांगतात.

वसईत पाणी मचूळ का होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. किनारपट्टीच्या वाळूमिश्रित थरात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर चढते. वाड्यांमधली बावखले, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी जुनी तळी, या गोड्या थराला भर घालत. कित्येक बावखले बुजली. टँकरने होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्याच्या मुळाशी हेच भूशास्त्र होते. गांडुळाच्या वाफ्याची गोष्ट त्या मोठ्या गोष्टीला जोडलेली आहे. छपराचे पावसाचे पाणी दोन पिंपांत साठवून ठेवले तर एका घराच्या वाफ्याला उन्हाळाभर पुरते. वरचा 170 लिटरचा आकडा पाहिला की हे अवघड नाही, हे कळेल.

दुसरी वाट स्वयंपाकघराची. शिजलेल्या उरलेल्या भाजी-आमटीत मीठ असते, लोणच्यात आणि पापडात त्याहून जास्त, आणि सुक्या मासळीत तर मिठाचाच थर. खारवलेल्या मासळीची डोकी आणि धुवण, लोणच्याचा खार हे वाफ्यात येऊ नयेत. ताज्या मासळीची आतडी आणि खवले यांत मीठ नसते, पण नत्र इतके असते की अमोनिया सुटतो. त्यांची जागा नारळाच्या आळ्यात, हातभर खोल मातीखाली. वसईच्या वाडीत नारळाला आणि केळीला मासळीचे खत घालण्याची रीत जुनी आहे, आणि ती मोडायचे काही कारण नाही. कोलंबीची साले आणि खेकड्याची कवचे वाळवून कुटली तर थोडी थोडी वाफ्यातही चालतात.

तिसरी वाट नारळाच्या सोडणांची. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या सोडणांचा भुसा क्षारांनी भरलेला असतो. तो अंथरूण म्हणून वापरायचा तर पावसाच्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून पिळून घ्यावा. वाडीतल्या सोडणांना एवढी काळजी लागत नाही, पण ती चिवट. कुजायला वर्ष लागते. ठेचून वाफ्याच्या तळाशी घातली तर पाणी निचरायला उत्तम.

पाऊस

देशावर खड्डा ओल राखतो. उमेळ्यात जुलैमध्ये भूजल जमिनीच्या इतके जवळ येते की खड्डा म्हणजे डबके. जुलै 2018च्या पुरात वसईच्या मिठागरांत शेकडो माणसे अडकून पडली होती. अशा सखल भागात खणलेल्या खड्ड्यातल्या गांडुळांचे काय होणार? पाण्याने गांडूळ लगेच मरत नाही. पाण्यात प्राणवायू असेल तोवर ते तग धरते. पण कुजणाऱ्या कचऱ्याने भरलेल्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो, आणि मग वास सुटतो.

म्हणून येथे वाफा जमिनीच्या वर हवा. विटांचा किंवा चिऱ्यांचा फूटभर उंचीचा चौथरा, त्यावर दीड फूट उंचीच्या भिंती, तळाला बारीक उतार आणि निचऱ्याचे भोक. तळाशी विटांचे तुकडे, मग ठेचलेली सोडणे, मग बुंध्याचे तुकडे आणि अर्धवट कुजलेला पाचोळा. त्यावर मुरलेले शेण. ताजे शेण गरम होते आणि अमोनिया सोडते, म्हणून ते पंधरा दिवस पसरून ठेवावे. वर छप्पर हवेच. झावळ्यांचे छप्पर सावली चांगली देते, पण मुसळधार पावसात गळते. त्याखाली एक पत्रा किंवा ताडपत्री घालावी. वाफ्याच्या तोंडावर ओले गोणपाट असले की अंधार राहतो आणि गांडुळे वरच्या थरातही काम करतात. चारही बाजूंना पाण्याची चर असेल तर मुंग्या येत नाहीत. कोंबड्या असतील तर जाळी लागेल.

पावसाळ्यात वाफ्यात एक पाहुणा हमखास येतो. चपट्या, खरबरीत, मळकट पांढऱ्या अळ्या, बोटाच्या पेरापेक्षा थोड्या लांब. पुष्कळ जण त्या पाहून वाफाच उपसून टाकतात. या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत. त्या गांडुळांना खात नाहीत आणि रोगही पसरवत नाहीत. माशी होऊन उडाल्यावर घरात अन्नावर बसत नाहीत. त्या आल्या याचा अर्थ स्वयंपाकघराचा कचरा उघडा आणि जास्त पडतो आहे. तो आठवडाभर थांबवावा, वर सुक्या पाचोळ्याचा जाड थर द्यावा. अळ्या पुढच्या अवस्थेत गेल्या की आपसूक बाहेर पडतात, आणि कोंबड्यांची चंगळ होते.

निचऱ्याच्या भोकातून येणारे काळपट पाणी पुष्कळदा ‘व्हर्मिवॉश’ म्हणून बाटलीत भरले जाते. खरे व्हर्मिवॉश पूर्ण तयार, निरोगी वाफ्यातून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून मिळवतात. कच्च्या कचऱ्यातून गळणारे पाणी वेगळे. त्यात अर्धवट कुजलेली आम्ले असतात आणि स्वयंपाकघराचे मीठही. ते फवारू नये. पातळ करून नारळाच्या बुडाशी ओतावे.

देशी-विदेशीचा वाद

महाराष्ट्रात गांडुळांवरून देशी आणि विदेशी असे दोन विचार समोरासमोर उभे आहेत. पुण्याचे रसायन अभियंते डॉ. उदय भवाळकर यांनी 1980च्या दशकापासून गांडुळांवर काम केले आणि खोल बिळे करणाऱ्या स्थानिक गांडुळांना, मातीसकट सगळ्या व्यवस्थेला महत्त्व दिले. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी तर आयसेनियाच्या खतावर कडाडून टीका केली: हे विदेशी प्राणी जमिनीत बिळे करत नाहीत, आणि खतात जड धातू साठतात, असे त्यांचे म्हणणे.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. आयसेनिया बिळे करत नाही आणि करणारही नाही, कारण ती पाचोळ्यात राहणारी आहे. तिला पोत्याने आणून शेतात सोडणे म्हणजे पैसे मातीत घालणे. पण खताच्या वाफ्यातून तिच्याकडून जे काम हवे ते ती करते, आणि शेतातली बिळे करणारी गांडुळे आच्छादन आणि सेंद्रिय खत मिळाले की आपोआप वाढतात. दुसरा आक्षेप अर्धा खरा. गांडुळे कॅडमियमसारखे धातू अंगात साठवतात, हे प्रयोगांत दिसले आहे. पण ती धातू निर्माण करत नाहीत. खाद्यातच धातू असतील तर ते खतात येणार, मग खत कोणत्याही पद्धतीचे असो. उलट कचऱ्याचे वजन निम्म्याने घटते तेव्हा त्यातल्या धातूंचे प्रमाण वाढते. केळीचा बुंधा आणि भाजीची देठे घालणाऱ्या घराला याची भीती नाही. रस्त्याचा झाडलोटीचा कचरा, रंगीत छपाईचे कागद, बॅटरीचे तुकडे मिसळलेला शहरी कचरा यांना मात्र ती आहे.

या वादात विदर्भातलाच तिसरा मार्ग विसरला जातो, आणि उमेळ्याला तो सर्वांत उपयोगी वाटतो. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांनी भिंतींत भोके ठेवलेल्या विटांच्या टाकीत थोड्या शेणात भरपूर पालापाचोळा कुजवण्याची पद्धत दिली. टाकी जमिनीवर असते, भोकांतून हवा खेळते, आणि तीन-चार महिन्यांत खत होते. वाडीचा चिवट कचरा आधी अशा हवेशीर ढिगात महिनाभर गरम होऊ द्यावा आणि मग गांडुळांच्या वाफ्यात आणावा. ढीग बिया आणि रोगजंतू मारतो, गांडूळ दळण करते. दोन पद्धतींत निवड करण्याची सक्ती कोणीच केलेली नाही.

इमारती आणि वाड्या

3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावोगावचा कचरा गाडीत चढून गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याकडे जाऊ लागला. तेथे हवा न मिळालेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि खाली काळे पाणी झिरपते. 2016च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी टाकली. शंभर सदनिकांच्या संकुलाला ती लागू होते.

आता आधीचा हिशेब लावू. शंभर घरांचा 100 किलो ओला कचरा रोज गांडुळांना द्यायचा तर सव्वाशे-दीडशे चौरस मीटरचे वाफे लागतील. वाहने उभी करायला जागा अपुरी पडते तेथे हे कोण देणार? शिवाय इमारतीत पुरेसा कर्ब नाही. तिथे ओला, नत्राने भरलेला कचरा असतो आणि पाचोळा नसतो. अशा ठिकाणी नुसत्या कचऱ्यावर गांडुळे सोडली की पंधरवड्यात घाण सुटते, रहिवासी वैतागतात आणि यंत्रणा बंद पडते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? वाडीत मात्र नेमके उलट. पाचोळा आणि बुंधे ढिगांनी, नत्र कमी.

उमेळ्यात ही दोन्ही टोके चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. संकुलाने कचरा नीट वेगळा करावा, त्यातला मिठाचा आणि मासळीचा कचरा बाजूला ठेवावा, आणि वाडीवाल्याने ढीग घालण्यापुरती जागा आणि पाचोळा द्यावा. ढिगात वजन निम्मे झाले की वाफ्यांना लागणारी जागाही निम्मी. नेण्या-आणण्याची आणि राबण्याची मजुरी संकुलाने द्यावी, कारण ओझे त्याचे उतरते आहे, खत वाडीवाल्याचे. अशा व्यवहारासाठी महापालिकेने वाडीला जागेचा किंवा कराचा थोडा आधार दिला तर तो गोखिवऱ्याला जाणाऱ्या गाड्यांच्या खर्चापुढे फार नसेल. वाडी विकून तेथे आणखी एक संकुल उभे राहिले तर पाचोळा संपतो आणि कचरा वाढतो, एकाच वेळी दोन्ही.

खत काढायची वेळही येथल्या ऋतूवर ठरते. दीड-दोन महिन्यांत माल काळा, भुसभुशीत होतो आणि ओल्या मातीचा वास येतो. चार दिवस पाणी थांबवावे, वाफ्याच्या एका बाजूलाच नवे खाणे घालावे. गांडुळे तिकडे सरकतात आणि दुसरी बाजू काढून चाळता येते. ऐन पावसाळ्यात हे खत झाडाला देऊ नये, बारीक कण वाहून जातात. पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकात, केळीच्या आळ्यात घालून वर सुक्या केळीच्या पानांचे आच्छादन द्यावे. तोवर ते गोणीत, सावलीत, किंचित ओलसर ठेवावे. उन्हात खडखडीत वाळवलेल्या खतातले कोष मरतात आणि बरेचसे जिवाणूही.